नांवामागील ऋण

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं बसलों असतां त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा सामान्य ज्ञानाचें एक लहानसें पुस्तक घेऊन पाठांतर करीत होता. पुस्तकाची रचना फार सुटसुटीत होती. डाव्या बाजूस वस्तु, उजव्या बाजूस मनुष्य. वाफेचें यंत्र, जेम्स वॅट, बिनतारी संदेश, मार्कोनी, शून्य, आर्यभट. पुढच्या पानांवर शहरें व त्यांचे संस्थापक, आणि त्यांच्याही पुढें गांवांच्या व डोंगरांच्या नांवांच्या उत्पत्ति. मुलगा उजवी बाजू हातानें झांकून उत्तरें म्हणत होता व वडील मधूनमधून ‘शाबास’ म्हणत होते. ‘एव्हरेस्ट’ या शब्दापाशीं तो थांबला. पुस्तकांत लिहिलें होतें कीं, हें शिखर सर जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं शोधून काढिलें, म्हणून त्यास त्यांचें नांव मिळालें. मुलानें पुस्तक मिटलें आणि आमच्याकडे पाहून विचारिलें, “काका, मग त्या डोंगराखालीं राहणाऱ्या लोकांना तो दिसत नव्हता का?”

वडील हंसले, आम्हीही हंसलों आणि कांहीं तरी उत्तर देऊन विषय बदलला. परंतु घरीं परततांना तो प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईना. तो भूगोलाचा प्रश्न नव्हता, नीतीचा होता. अनेकांच्या हातून घडलेल्या कार्यावर एकाचें नांव लिहिणें ही केवळ एक सोय आहे, कीं तो एक प्रकारचा अन्याय आहे? आणि अन्याय असेल तर तो कोणावर? जे कार्य करून केव्हांच मरून गेले त्यांच्यावर, कीं जे आज तें उत्तर पाठ करीत आहेत त्यांच्यावर? या प्रश्नाचा थोडा खोल विचार करावा अशा हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

ज्या शिखरावरून हा विचार निघाला त्याचीच गोष्ट प्रथम घेऊं. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ इ. स. १८०२ सालीं मद्रासेजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनीं केला. त्यांच्यामागून तें काम जॉर्ज एव्हरेस्ट यांजकडे आलें, आणि १८४३ सालीं ते सेवानिवृत्त होऊन स्वदेशीं परत गेले. पुढें ज्या शिखरास त्यांचें नांव मिळालें, तें जगांतील सर्वांत उंच आहे हें तोंपर्यंत मोजणीखात्यास ठाऊकही नव्हतें. त्यांच्या जागीं अँड्र्यू वॉ आले. नेपाळांत शिरण्याची परवानगी नसल्यामुळें खात्याच्या लोकांस तराईकडून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, हिमशिखरांचे कोन घ्यावे लागले. यांतील महत्त्वाचीं निरीक्षणें जेम्स निकोल्सन या अधिकाऱ्यानें १८४९-५० च्या सुमारास घेतलीं; पुढें हिवतापानें ग्रासल्यामुळें त्यास तें काम सोडावें लागलें. परंतु कोन हातीं आले म्हणजे उंची हातीं आली असें नव्हे. प्रकाशाचा किरण हवेंतून येतांना वांकतो. पृथ्वीचा पृष्ठभाग सपाट नसून गोल आहे. या सर्वांचा हिशेब करून मगच खरी उंची निघते. हें किचकट गणित करण्याचें काम खात्याचे मुख्य गणक राधानाथ सिकदार आणि त्यांचे साहाय्यक यांजकडे होतें. १८५२ च्या सुमारास त्या गणितांतून पंधराव्या क्रमांकाचें शिखर सर्वांहून उंच ठरलें. वॉ यांनीं आणखी चार वर्षें पडताळा पाहिला आणि १८५६ सालीं २९,००२ फूट ही उंची जाहीर केली. नेपाळ व चीन यांनीं २०२० सालीं मिळून जी उंची जाहीर केली ती ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट आहे. शंभर मैलांवरून पाहून कागदावर काढलेल्या आंकड्यांत चूक निघाली ती अवघ्या तीस फुटांची!

आतां नांवाची कथा ऐका. जेथें स्थानिक नांव असेल तेथें तेंच नकाशांत लिहावें, असा स्वतः एव्हरेस्ट यांचा परिपाठ होता. या शिखराचें स्थानिक नांव आम्हांस सांपडत नाहीं, असें सांगून वॉ यांनीं त्यास आपल्या पूर्वाधिकाऱ्याचें नांव सुचविलें. त्यास हरकत घेणाऱ्यांत स्वतः जॉर्ज एव्हरेस्ट हेच होते. आपलें नांव हिंदी भाषेंत लिहितां येणार नाहीं आणि या देशाच्या लोकांस त्याचा उच्चारही करतां येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. तथापि १८६५ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें तेंच नांव कायम केलें. गमतीची गोष्ट अशी कीं, त्यांच्या घराण्यांत या आडनांवाचा उच्चार ‘ईव्ह्‌रिस्ट’ असा आरंभींचा स्वर दीर्घ करून होत असे. म्हणजे आज जग जें नांव घेतें तें त्या गृहस्थाचेंही धड नव्हे. इकडे तिबेटी लोक त्या शिखरास चोमोलुंग्मा म्हणत होते, आणि तें नांव थोड्याशा मोडक्या रूपानें अठराव्या शतकांत पॅरिस येथें छापलेल्या नकाशांतही आलें होतें. ‘सागरमाथा’ हें नेपाळी नांव पुढें विसाव्या शतकांत इतिहासकार बाबूराम आचार्य यांनीं रूढ केलें.

म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें होतें: डोंगराखालच्या लोकांस शिखर दिसत होतें, त्यांनीं त्याला नांवही ठेविलें होतें; मात्र त्याची उंची त्यांनीं मोजली नव्हती. ज्यांनीं मोजली त्यांचें नांव त्याला मिळालें नाहीं, आणि ज्याचें मिळालें त्यानें तें मागितलें नव्हतें.

ही हकीकत वाचली कीं, आपल्या मनांत तत्काळ एक विचार उभा राहतो: तर मग त्यास सिकदारांचेंच नांव द्यावयास हवें होतें! आम्हांसही एके काळीं तसें वाटत असे. सिकदारांची उपेक्षा झाली हें खरेंच आहे आणि तें सांगितलेंच पाहिजे. परंतु त्या भरांत आपण काय करतों तें पाहण्यासारखें आहे. सिकदार धांवत धांवत वॉ साहेबांच्या खोलींत शिरले व ‘साहेब, जगांतील सर्वांत उंच पर्वत मला सांपडला’ असें म्हणाले, अशी एक रसाळ गोष्ट पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. त्या काळीं सिकदार कलकत्त्याच्या कचेरींत होते आणि वॉ यांचें ठाणें डेहराडूनला होतें. तेव्हां धांवत जाण्याचें अंतर थोडें अधिकच होतें! तीच गोष्ट ‘गौरीशंकर’ या नांवाची. एव्हरेस्टचें खरें देशी नांव गौरीशंकर आहे असें आपल्याकडील कित्येक सुशिक्षित माणसें अभिमानानें सांगत. १९०३ सालच्या मोजणींत स्पष्ट झालें कीं, गौरीशंकर हें पश्चिमेकडचें एक निराळेंच शिखर आहे. इंग्रजांनीं परक्या डोंगराला आपल्या माणसाचें नांव दिलें, हा त्यांचा दोष खरा. पण त्याची भरपाई म्हणून आपण एका डोंगराचें नांव काढून दुसऱ्याला दिलें, हा कोणाचा दोष म्हणावयाचा?

आणखी एक पायरी खालीं उतरूं. सिकदारांच्या मेजावर जे आंकडे आले ते आणले कोणीं? लॅम्ब्टन यांच्या मोठ्या थिओडोलाइट यंत्राचें वजन सुमारें अर्धा टन होतें. असलीं यंत्रें डोंगरमाथ्यांवर आणि मनोऱ्यांवर चढविणारे, निशाण धरून उन्हांत उभे राहणारे, दृष्टीच्या आड येणारीं झाडें तोडणारे, आणि तराईच्या तापानें वाटेंत मरून पडणारे जे शेंकडों लोक होते, ज्यांस मोजणीखात्यांत ‘खलाशी’ म्हणत, त्यांचीं नांवें पुस्तकाच्या उजव्या बाजूस कोठें बसवावयाचीं? एव्हरेस्ट खोडून सिकदार लिहिलें तर एक अन्याय दूर होईल. परंतु ज्या समजुतीमुळें तो अन्याय घडला ती समजूत, म्हणजे प्रत्येक मोठ्या कार्याचा एकच धनी असतो ही कल्पना, जशीच्या तशी राहील.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाहीं. कोणी म्हणेल, नांव म्हणजे केवळ खूण. हांक मारण्यास एखादा शब्द लागतो. त्यांत शंभर माणसांची यादी कशी मावेल? घरांत पाळण्यांत नांव ठेवतांना आपण मुलाच्या गुणांचा इतिहास थोडाच सांगतों? हा आक्षेप आम्हांस अर्ध्यापुरता मान्य आहे. नांवानें सर्व सत्य सांगावें अशी अपेक्षा करणें वेडेपणाचें आहे. परंतु ‘याला काय म्हणतात?’ हा एक प्रश्न आणि ‘हें कोणीं केलें?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सोयीनें देतां येतें, दुसऱ्याचें सोयीनें देतां येत नाहीं. घोटाळा होतो तो आपण पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या जागीं ठेवतों तेव्हां. त्या पुस्तकानें हेंच केलें होतें. शिखराला एव्हरेस्ट म्हणतात, ही खूण. एव्हरेस्टनें तें शोधलें, हें असत्य. खूण वापरण्यांत पाप नाहीं. खुणेलाच इतिहास समजणें हें मात्र अज्ञान आहे, आणि जाणूनबुजून समजणें हें त्याहून वाईट.

यंत्रांच्या बाबतींत हा घोटाळा विशेष होतो. जेम्स वॅट आणि चहाच्या किटलीचें उडणारें झांकण ही गोष्ट ऐकली नाहीं असें मूल सांपडणार नाहीं. जणुं काय तोंपर्यंत वाफेची शक्ति जगांत कोणाच्या ध्यानांतच आली नव्हती! वास्तविक थॉमस सेव्हरी यानें खाणींतील पाणी उपसण्यासाठीं वाफेचा उपयोग करणाऱ्या यंत्राचा हक्क १६९८ सालींच मिळविला होता. आणि डार्टमथ गांवचा लोखंडी सामानाचा व्यापारी थॉमस न्यूकोमेन याचें यंत्र १७१२ सालापासून कोळशाच्या खाणींवर काम करीत होतें. वॅटचा जन्म त्यानंतरचा, १७३६ चा. ग्लासगो विद्यापीठांतील न्यूकोमेनच्याच यंत्राची एक लहान प्रतिकृति १७६३-६४ च्या हिंवाळ्यांत वॅटकडे दुरुस्तीला आली. ती तपासतांना त्याच्या लक्षांत आलें कीं, प्रत्येक फेरींत नळकांडें तापवावयाचें आणि पुन्हां थंड करावयाचें, यांतच बहुतेक वाफ फुकट जाते. वाफ निवविण्याचें पात्र नळकांड्यापासून वेगळें ठेवावें ही युक्ति त्यास १७६५ सालीं सुचली, आणि १७६९ सालीं त्यानें तिचा हक्क मिळविला. युक्ति अलौकिक खरी, पण तीही मॅथ्यू बोल्टनचें भांडवल आणि जॉन विल्किन्सन यानें अचूक कांतून दिलेलें नळकांडें यांवांचून कागदावरच राहती. किटलीच्या गोष्टींत बुद्धिमान् मुलगा एकटा बसलेला असतो. खऱ्या गोष्टींत तो दुसऱ्याचें बिघडलेलें यंत्र दुरुस्त करीत असतो. आमच्या मतें दुसरें चित्र पहिल्याहून अधिक उदात्त आहे आणि मुलांस अधिक धीर देणारेंही आहे; कारण एकांतांत अवचित स्फूर्ति होणें कोणाच्या हातीं नसतें, परंतु पूर्वींच्यानें जेथवर आणून सोडलें तेथून पुढें नेणें प्रत्येकाच्या हातीं असतें.

आपल्या जिव्हाळ्याच्या दोन गोष्टींकडे आतां वळूं; कारण न्यायबुद्धीची खरी परीक्षा परक्यांच्या हकीकतींत होत नाहीं, ती आपल्या अभिमानाच्या जागीं होते. युरोपांत अंकांस ‘अरबी अंक’ म्हणतात. अरब मात्र त्यांस हिंदी अंक म्हणत आले. नवव्या शतकांत बगदाद येथें अल्-ख्वारिझ्मी यानें या हिंदी गणनापद्धतीवर ग्रंथ लिहिला, आणि पिसाच्या लिओनार्दोनें १२०२ सालीं आपल्या ग्रंथांत हीं हिंदी लोकांचीं चिन्हें आहेत असें स्पष्ट सांगून तीं युरोपास शिकविलीं. ऋण घेणाऱ्या विद्वानांनीं ऋणकोपणा मान्य केला. विसरला तो बाजार, ज्यानें माल ज्याच्या हातून मिळाला त्याचेंच नांव त्यास चिकटविलें. हें सांगतांना आपली छाती फुगते, आणि फुगावयास हरकत नाहीं. परंतु लगेच आपण काय करतों? ‘शून्याचा शोध आर्यभटानें लावला’ असें एका ओळींत लिहून मोकळे होतों. ४९९ सालच्या आर्यभटीयांत स्थानमानाची जाण आहे, पण शून्याचें चिन्ह त्यांत नाहीं. शून्याशीं बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करावेत याचे नियम ब्रह्मगुप्तानें ६२८ सालीं दिले; तोही आपण शून्य निर्माण केलें असें म्हणत नाहीं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील एका विष्णुमंदिरांत ८७६ सालचा शिलालेख आहे. त्यांत देवाच्या फुलबागेसाठीं २७० हात लांब व १८७ हात रुंद जागा आणि रोजच्या ५० माळा यांची नोंद असून दोन्ही ठिकाणीं शून्य लहान वर्तुळानें दाखविलें आहे. कोरणाऱ्या पाथरवटाला त्या वर्तुळांत कांहीं नवल वाटलें असेल असें दिसत नाहीं. तें तोंवर हिशेबाच्या रोजच्या व्यवहारांतलें झालें होतें. मानवजातीच्या अत्यंत मोठ्या शोधांपैकीं हा एक, आणि त्याच्या उजव्या बाजूस लिहावयास नांवच नाहीं! आम्हांस यांत उणेपणा वाटत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या गणित करणाऱ्या, माळा मोजणाऱ्या, जमीन मापणाऱ्या लोकांनीं मिळून जें केलें त्यावर एका आचार्याचें नांव लिहून आपण त्या आचार्याचा गौरव वाढवीत नाहीं, त्या लोकांचा मात्र कमी करतों.

दुसरी गोष्ट जगदीशचंद्र बोस यांची. १८९५ सालीं कलकत्त्यांत त्यांनीं भिंतींपलीकडे विद्युल्लहरी धाडून घंटा वाजविली व दारू पेटविली. पुढें त्यांनीं तयार केलेलें पाऱ्याचें लहरीग्राहक फार नाजूक व उत्तम होतें. पेटंट घेऊन पैसा करण्याची त्यांस हौस नव्हती. हें सर्व खरें आहे. परंतु ‘रेडिओ बोसांनीं शोधला आणि मार्कोनीनें चोरला’ हें वाक्य खरें नाहीं. हर्ट्‌झनें त्या लहरी १८८७-८८ मध्यें प्रयोगानें दाखविल्या. ब्रॅन्ली, लॉज, पोपॉव्ह, टेस्ला अशा कित्येकांनीं आपापला वांटा त्यांत घातला. बोसांचें लक्ष मुख्यतः अति आंखूड लहरींच्या भौतिक गुणधर्मांकडे होतें. आणि १९०१ सालीं अटलांटिकपार खूण पोंचविण्याइतकी सर्व सामग्री एकत्र आणण्याचें काम मार्कोनीचें. त्याला १९०९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तेंही एकट्याला नव्हे, फर्डिनांड ब्राउनबरोबर वांटून. ज्यानें स्वतः हक्कासाठीं भांडण केलें नाहीं, त्याच्या नांवानें आपण खोटा दावा मांडावा, हा त्याचा सन्मान खास नव्हे.

मनुष्यांच्या नांवांप्रमाणेंच गांवांच्या नांवांचेंही आहे. तेथें व्यक्तीच्या जागीं एखादी गोड कथा येऊन बसते. मुंबईस आलेल्या पोर्तुगीजांनीं बंदर पाहून ‘बोम बाइया’, म्हणजे चांगलें आखात, असे उद्गार काढले आणि त्यावरून इंग्रजी ‘बॉम्बे’ झालें, असें कित्येक पुस्तकांत वाचावयास मिळतें. परंतु पोर्तुगीज भाषेंत आखाताचा तो शब्द स्त्रीलिंगी आहे; त्यामागें ‘बोम’ नव्हे, ‘बोआ’ यावयास हवें. स्वतःच्या भाषेंत लिंगाची चूक करून कोणी गांवास नांव देईल हें संभवत नाहीं. उलट सोळाव्या शतकाच्या आरंभींच पोर्तुगीज लेखक बार्बोसा यानें ‘ताना-मायांबू’ असें जें लिहिलें आहे त्यांत ठाणें व मुंबई हीं दोन्ही नांवें ऐकूं येतात. कोळ्यांच्या मुंबादेवीवरून आलेलें तें नांव मराठी आणि गुजराथी माणसाच्या तोंडून कधींच सुटलें नव्हतें. इंग्रजी कागदोपत्रीं तें १९९५ सालीं आलें.

कोणी विचारील, व्युत्पत्ति खरी असो वा खोटी, त्यानें कोणाचें काय बिघडलें? बिघडतें तें असें. नांवाची प्रत्येक कथा त्या गांवाचा इतिहास कोणत्या दिवशीं सुरू झाला हें गुपचूप ठरवून टाकीत असते. ‘चांगलें आखात’ या कथेंत मुंबईचा जन्म गलबतावरून पाहणाऱ्याच्या दृष्टींत होतो. किनाऱ्यावर जाळें सुकत घालणारा कोळी त्या चित्रांत नसतोच. मुंबादेवीच्या कथेंत तो कोळी पहिला असतो आणि गलबत मागून येतें. १६६१ च्या विवाहकरारानें इंग्लंडच्या राजास मिळालेलीं आणि १६६८ मध्यें वर्षाकाठीं दहा पौंड भाड्यानें कंपनीस दिलेलीं तीं बेटें ओसाड खडक नव्हते, तेथें माणसें होतीं, त्यांची देवी होती, ही गोष्ट त्या एका शब्दांत सांठविली आहे. मात्र येथेंही सोय पाहून चालणार नाहीं. पुण्याचें नांव ‘पुण्य’ शब्दावरून आलें असें मानणें आपणांस आवडतें, आणि ७५८ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटांत ‘पुण्यविषय’ आहेही. परंतु दहाच वर्षांनंतरच्या, ७६८ सालच्या ताम्रपटांत ‘पूनकविषय’ आहे. पवित्र शब्द लोकांच्या तोंडीं झिजला, कीं लोकांच्या तोंडच्या शब्दास पंडितांनीं पवित्र वस्त्र नेसविलें, हें ठरवितांना आपल्या आवडीस मत देण्याचा अधिकार नाहीं.

राज्यकर्त्यांच्या इच्छेनें नांवें बदलतात त्याचें उदाहरण आपल्या मराठवाड्यांतच आहे. हबसाणांत जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदां विकला गेलेला आणि पुढें निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला मलिक अंबर यानें खडकी या खेड्याच्या जागीं १६१० सालीं शहर वसविलें. १६२६ सालीं तो वारल्यावर त्याचा मुलगा फतेहखान यानें त्यास फतेहनगर म्हटलें. १६५३ सालीं दक्षिणेचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबानें औरंगाबाद केलें. २०२३ सालीं तें छत्रपति संभाजीनगर झालें. नामांतराच्या वादांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट इतकीच कीं, ज्यानें शहर वसविलें त्याचें स्वतःचें नांव या चारही नांवांत कोठें नाहीं. तथापि त्या कोरड्या भागांत त्यानें जमिनीखालून नळ घालून पाणी आणलें, आणि त्या कालव्यास लोक ‘नहर-ए-अंबरी’ म्हणत राहिले. शेतसाऱ्याच्या बाबतींत ‘मलिकंबरी धारा’ हा शब्दही महाराष्ट्रांत कित्येक पिढ्या टिकला. वेशीवरचें नांव ज्याच्या हातीं सत्ता त्यानें लिहावें. पण पाण्याला नांव देतांना लोकांनीं फर्मानाची वाट पाहिली नाहीं. त्यांतही उरतात ते ज्यांनीं जमीन खणली आणि मातीचे नळ भाजले ते. त्यांचें नांव ना वेशीवर, ना पाण्यावर.

मग सुशिक्षित गृहस्थानें करावें तरी काय? सगळीं नांवें पुसून टाकावीं काय? असें कोणी सुचविलें तर आम्ही त्यास साथ देणार नाहीं. पुसण्यानें विस्मृतींत भरच पडते. आपल्या पूर्वजांनीं मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें मानलें आहे, आणि त्यांपैकीं ऋषिऋण हें ज्ञानाचें ऋण आहे. तें फेडावयाचें तें अध्ययनानें. आम्हांस यांतील मर्म असें दिसतें कीं, ज्यानें ज्ञान दिलें तो बहुधा हयात नसतो, त्यास आपण परत कांहींच देऊं शकत नाहीं. म्हणून जें मिळालें तें नीट समजून घेणें हीच त्याची फेड. एक ओळीचें खोटें उत्तर पाठ करणारा मनुष्य हें ऋण फेडीत नाहीं, बुडवितो. आणि नुकसान होतें तें मृताचें नव्हे. सिकदारांस आतां मानही नको आणि अपमानही लागत नाहीं. नुकसान होतें तें त्या मुलाचें. त्यास असें वाटूं लागतें कीं, जगांतील कामें कोणी थोडेसे असामान्य लोक एकेकट्यानें करून ठेवतात आणि इतरांनीं त्यांचीं नांवें पाठ करावयाचीं असतात. आणि ज्या लोकांचें नांव पुस्तकांत नाहीं ते तेथें नव्हतेच.

तर्पण करतांना आपण पितरांचें नांव आणि गोत्र उच्चारून प्रत्येकास उदक देतों. परंतु विधि तेवढ्यानें संपत नाहीं. ज्यांचें मागें कोणी उरलें नाहीं, ज्यांचें नांव-गोत्र सांगतां येत नाहीं, त्यांच्यासाठींही शेवटीं पाणी सोडण्याची चाल आहे. विधीवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, त्यामागील विवेक आम्हांस मोठा वाटतो. ज्यांचीं नांवें ठाऊक आहेत त्यांचीं घ्यावीं, नीट घ्यावीं, एकाचें दुसऱ्यास देऊं नये; आणि ज्यांचीं ठाऊक नाहींत त्यांच्यासाठीं जागा मोकळी ठेवावी, ती भलत्याच नांवानें भरून काढूं नये.

पुढच्या आठवड्यांत आम्ही त्या स्नेह्यांकडे पुन्हां गेलों आणि मुलास जवळ बसवून त्या शिखराची हकीकत सांगितली. खलाशांची गोष्ट त्यास फार आवडली. अर्धा टन म्हणजे किती, तें वर कसें नेत, दोर तुटला तर काय, असे कितीतरी प्रश्न त्यानें विचारिले. सर्व ऐकून झाल्यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि मग काळजीच्या स्वरांत म्हणाला, “पण काका, परीक्षेंत काय लिहूं?” आम्हीं वडिलांकडे पाहिलें, त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. शेवटीं आम्हीं त्यास सांगितलें कीं, शिखराचें नांव विचारलें असेल तर एव्हरेस्ट लिही आणि गुण घे. पण तें कोणीं शोधलें असें विचारलें, तर जेवढीं नांवें आठवतील तेवढीं लिही, आणि त्यांच्याखालीं ‘व इतर’ असें लिहावयास विसरूं नको. त्या उत्तरास पूर्ण गुण मिळतील असें आश्वासन मात्र आम्हांस त्याला देतां आलें नाहीं.